एफएनएसीचा ग्रेड आणि बायोप्सीचा ग्रेड

स्तनातल्या गाठीची आधी एफएनएसी, म्हणजे बारीक सुईची तपासणी होते. रिपोर्टवर कॅन्सरचा 'ग्रेड 2' येतो (ग्रेड म्हणजे कॅन्सरच्या पेशी नेहमीच्या पेशींपेक्षा किती बिघडलेल्या आहेत याचा आकडा). आठवड्याने बायोप्सी होते आणि तिच्यावर 'ग्रेड 3'. दोन्ही कागद शेजारी धरून घरचे घाबऱ्या आवाजात विचारतात, "आठ दिवसांत एवढा वाढला? सुई टोचल्यामुळे का हो?" दोन्हींचं उत्तर 'नाही' आहे. मोजायची पद्धतच वेगळी आहे.

एफएनएसीत बारीक सुईने गाठीतल्या पेशी ओढून काचेवर पसरवतात. पेशी हाती लागतात, पण त्यांची मूळ रचना मोडलेली असते. त्यामुळे ग्रेड नुसत्या पेशींच्या रूपावरून ठरवावा लागतो. त्यासाठी 1994 सालची रॉबिन्सन पद्धत बरीच वापरली जाते. पेशी पुंजक्यात आहेत की विखुरलेल्या, केवढ्या आहेत, एकसारख्या आहेत का, केंद्रकाची (पेशीच्या गाभ्याची) कड गुळगुळीत की खाचाखाचांची, आतलं क्रोमॅटिन (डीएनएचं द्रव्य) बारीक की जाडंभरडं, न्यूक्लिओलस (केंद्रकातला ठिपका) ठळक आहे का, अशा सहा गोष्टींना प्रत्येकी 1 ते 3 गुण. आकार मोजायला त्याच काचेवरची लाल रक्तपेशी कामी येते: तिच्या एक-दोन पट असेल तर 1 गुण, पाचपट किंवा जास्त असेल तर 3. बेरीज 11 पर्यंत ग्रेड 1, 12 ते 14 ग्रेड 2, त्यापुढे ग्रेड 3.

बायोप्सीत जाड सुईने गाठीचा अखंड तुकडा निघतो. इथे नॉटिंगहॅम पद्धत लागते. तीनच गोष्टी पाहतात: पेशी नळ्यांसारखी रचना किती करतात, केंद्रकं किती वेडीवाकडी आहेत आणि किती पेशी विभाजनाच्या अवस्थेत सापडतात. त्यांच्या गुणांची बेरीज 8 किंवा 9 आली की ग्रेड 3.

रॉबिन्सनच्या सहा गोष्टींत विभाजनाची मोजणी नाही, नळ्याही नाहीत. म्हणून दिसायला मध्यम, पण भराभर विभागणाऱ्या पेशींची गाठ एका कागदावर 2 आणि दुसऱ्यावर 3 होऊ शकते. बऱ्याचदा आकडे जुळतात; जुळले नाहीत तर उपचार ठरवताना बायोप्सीचाच आकडा धरावा. कॅन्सर दुधाच्या नळीतच आहे की बाहेर शिरलाय, हेही एफएनएसीवरून खात्रीने कळत नाही. तुकड्यात ते दिसू शकतं. (स्टेज ही गोष्टच निराळी, ती गाठीचा आकार आणि पसरण्यावरून ठरते.)

ऑपरेशननंतर अख्खी गाठ तपासली की ग्रेड पुन्हा बदलू शकतो, कारण लहान तुकड्यात विभागणाऱ्या पेशी कमी सापडतात.