पीसीबीवर बंदी आली, म्हणून डॉल्फिन सुटले का?

पीसीबी म्हणजे पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल, ही विषारी औद्योगिक रसायनं. ‘पीसीबीवर कधीच बंदी आली, उरलंसुरलं एवढ्या अथांग समुद्रात विरून गेलं असेल.’ हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे आणि तो चुकीचा आहे.

पीसीबी पाण्यात जेमतेम विरघळतात, चरबीत मात्र सहज. म्हणून ते गाळाला नि प्लवकांना (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांना) चिकटतात आणि लहान मासे, मोठे मासे, डॉल्फिन अशा दर पायरीला त्यांचं प्रमाण वाढत जातं. अमेरिकेने १९७९ मध्ये उत्पादनावर बंदी घातली, अशा टिकाऊ विषारी रसायनांवरचा आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करार २००४ पासून लागू आहे. पण जुने ट्रान्सफॉर्मर, इमारतींच्या सांध्यांतलं सीलंट आणि कचराभूमी यांतून गळती चालूच आहे.

जानेवारी २०१६ मध्ये स्कॉटलंडच्या टायरी बेटावर ‘लुलू’ ही ऑर्का (डॉल्फिन कुळातलाच मोठा प्राणी) मादी मृत सापडली. मृत्यू दोरात अडकून झाला होता, पण तिच्या चरबीत किलोमागे ९५७ मिलिग्रॅम पीसीबी निघाले. दुष्परिणाम सुरू होण्याची पातळी साधारण ९ धरली जाते! किमान वीस वर्षांच्या लुलूला कधीच पिल्लू झालं नव्हतं.

‘मादीत कमी सापडलं, म्हणजे प्रदूषण घटलं’ हा निष्कर्षही फसवा. आई दुधावाटे आपला साठा पिल्लाला देते, सर्वाधिक पहिल्याला. नरात तो आयुष्यभर साचतो. त्यामुळे आकडे ताडताना लिंग, वय आणि प्राण्याची अंगस्थिती बघावीच लागते. उपाशी, खंगलेल्या प्राण्याची चरबी आटते आणि उरलेल्या चरबीतलं प्रमाण चढलेलं दिसतं.