डाळिंबाची मर आणि गाजराच्या चकत्या

सांगोला-पंढरपूरकडच्या डाळिंबाच्या बागांमध्ये एखाद्या झाडाची फांदी पिवळी पडून वाळली, मग दुसरी वाळली, की 'मर लागली' म्हणतात. झाड मेलं एवढंच त्या शब्दातून कळतं, कशाने मेलं ते कळत नाही. 'ताप येऊन गेला' म्हणावं, तसंच हे. ताप मलेरियाचा होता की टायफॉइडचा, हा प्रश्न उरतोच.

डाळिंबाच्या मरीमागे निदान तीन प्रकारचे संशयित असतात. लाकडातल्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत शिरणारी सेरॅटोसिस्टिस किंवा फ्युजॅरियम बुरशी, मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी (मातीतले धाग्यासारखे सूक्ष्म जंत) आणि बुंध्याला टाचणीएवढी भोकं पाडणारे शॉट होल बोरर भुंगेरे. बऱ्याचदा ते एकमेकांच्या सोबतीने येतात. सूत्रकृमींनी मुळाला जखमा केल्या की बुरशीला आयती वाट मिळते. दुकानातून आणलेलं बुरशीनाशक पाण्यात मिसळून मुळाशी ओतलं (आळवणी केली), तरी सूत्रकृमींना त्याचं काहीच वाटत नाही. झाड मरायचं ते मरतंच, वर औषधाचा खर्च.

प्रयोगशाळेत आधी खोड आडवं कापून पाहतात. सेरॅटोसिस्टिस असेल तर लाकडात करड्या-तपकिरी रेषा दिसतात, कधी चांदणीसारखा आकारही. पण डोळ्यांवर भागत नाही, बुरशी वाढवून दाखवावी लागते. त्यासाठीचं नेहमीचं खाद्य अगदी घरगुती आहे: लिटरभर पाण्याला २०० ग्रॅम बटाट्यांचा काढा, २० ग्रॅम साखर (डेक्स्ट्रोज) आणि घट्टपणासाठी समुद्री शेवाळापासून काढलेलं अगार. अडचण अशी, की या मेजवानीवर हवेतल्या फालतू बुरशा आधी ताव मारतात आणि सावकाश वाढणारा खरा गुन्हेगार मागे पडतो.

म्हणून गाजर. संशयित लाकडाचा कपचा गाजराच्या दोन चकत्यांमध्ये सँडविचसारखा धरून ओलसर डबीत ठेवतात. सेरॅटोसिस्टिसला गाजर मानवतं. साधारण आठवड्याभरात चकतीवर काळे ठिपके उगवतात, प्रत्येकाला लांबलचक मान आणि मानेच्या टोकाला बीजाणूंचा चिकट थेंब. साध्या भिंगातूनही ते दिसतं. डबी उघडली की कधी पिकल्या केळ्यासारखा वास येतो. लाखो रुपयांच्या यंत्रांइतकाच मला हा गाजराचा तुकडा आवडतो.

डाळिंबाच्या पाना-फळांवर तेलकट डाग पाडणारा दुसरा रोग म्हणजे तेल्या, त्याची पहिली चाचणी तर काही मिनिटांची. हा जिवाणूचा रोग. डागाच्या कडेचा तुकडा पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की कापलेल्या कडेतून जिवाणूंचा धूर निघाल्यासारखा लोट बाहेर पडतो. बुरशीच्या डागातून तो निघत नाही. विषाणू मात्र कुठल्याही खाद्यावर वाढत नाहीत, त्यांना एलायझा (प्रथिनांवरून ओळखणारी) किंवा पीसीआर (जनुकांवरून ओळखणारी) चाचणी लागते. पीसीआर चोख आहे, पण ज्याच्याबद्दल विचाराल त्याच्याबद्दलच ती बोलते. चाचणी 'निगेटिव्ह' आली म्हणजे झाड निरोगी, असं नाही.

खरा घोळ नमुन्यात होतो. लोक पार वाळलेलं झाड उपटून आणतात. मेलेल्या लाकडावर एव्हाना दुसऱ्याच बुरशा संसार थाटून बसलेल्या असतात. अर्धवट सुकलेलं झाड हवं, आणि तुकडा निरोगी व रोगट भागाच्या सीमेवरचा हवा. मुळं त्यांच्याजवळच्या ओलसर मातीसकट प्लास्टिकच्या पिशवीत, सावलीत. पानं मात्र कागदात, नाहीतर घाम येऊन कुजतात. सोबत चिठ्ठी: झाडाचं वय, बहार (फुलोऱ्याचा हंगाम) कोणता, शेवटची फवारणी कधी आणि कशाची. ही शेवटची ओळ बरेच जण लाजून गाळतात. औषधाचा अंश असला तर बुरशी खाद्यावर उगवत नाही आणि अहवाल कोरा येतो.

सोलापूरजवळ केगावला २००५पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातही चौकशी करता येते. कुरिअरने पाठवणार असाल तर सोमवारी पाठवा. शुक्रवारचं पार्सल रविवारभर गोदामात उकडत पडतं.