‘प्रति चाल ३ दिवस’ : एका बटणामागची दोनशे वर्षं

लिचेस किंवा चेस डॉट कॉम या बुद्धिबळाच्या संकेतस्थळांवर नवा डाव मांडायला गेलं की ब्लिट्झ-रॅपिडच्या, म्हणजे मिनिटांत संपणाऱ्या डावांच्या, गर्दीपासून जरा बाजूला एक पर्याय दिसतो: एका चालीला अमुक दिवस. लिचेस त्याला ‘कॉरस्पॉन्डन्स’ म्हणतं, चेस डॉट कॉम ‘डेली’. एक दिवसापासून चौदा दिवसांपर्यंत काहीही निवडा. पाच मिनिटांच्या डावांची सवय झालेला माणूस हे वाचून हसतो. एका चालीला चौदा दिवस?

मीही हसलो होतो. तीन दिवसांचा डाव घेतला, गणपतीला गावी गेलो, तिथे रेंज फक्त देवळाच्या पायरीवर, आणि आरत्या-मोदकांच्या नादात घड्याळ कधी संपलं आणि डाव कधी गेला ते कळलंच नाही. पटावर एक प्यादं वर होतो, हे अजून सलतं. पण त्या निमित्ताने त्या पानावरच्या बाकीच्या बटणांकडे नीट पाहिलं. चाल केल्यावर पुन्हा ‘खात्री करा’ का विचारतात? ‘तो असं खेळला तर मी असं खेळेन’ हे आधीच नोंदवून ठेवायची सोय का? काही ठिकाणी चक्क सुट्टी टाकता येते, ती कशासाठी? यातलं जवळजवळ काहीच प्रोग्रॅमर मंडळींच्या डोक्यातून आलेलं नाही. ते आलंय पोस्टातून.

गोष्ट १८२४ पासून सुरू करणं सोयीचं. त्याआधीही पत्रांतून डाव होत होते. १८०४ मध्ये माउव्हियों नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याने नेदरलँड्समध्ये खेळलेले डाव आजही उपलब्ध आहेत. पण गाजला तो एडिंबरा आणि लंडन या दोन क्लबांमधला सामना. एडिंबराचा क्लब जेमतेम दोन वर्षांचा, लंडनवाले स्वतःला फार मोठे समजणारे. घोडागाडीच्या टपालाने चाली जायच्या-यायच्या. पाच डावांना चार वर्षं लागली. १८२८ मध्ये सामना संपला तेव्हा एडिंबराने दोन जिंकले होते, लंडनने एक, दोन बरोबरीत. त्या सामन्यात दोन्ही बाजूंचा एकेक घोडा बाहेर आल्यावर तिसऱ्या चालीला पांढऱ्याने वजिरासमोरचं प्यादं दोन घरं ढकलायची जी सुरुवात गाजली, तिला आजही ‘स्कॉच’, म्हणजे स्कॉटलंडची, म्हणतात. मोबाइलवर तीन मिनिटांचा डाव खेळताना कोपऱ्यात ‘स्कॉच गेम’ असं उमटतं, ते या पत्रव्यवहाराचंच देणं.

हे एकच उदाहरण नाही. १८३४ ते १८३६ या काळात पॅरिसने लंडनच्या वेस्टमिन्स्टर क्लबला पत्रांतून दोन्ही डावांत हरवलं. काळ्याकडून खेळताना त्यांनी राजाचं प्यादं एकच घर पुढे टाकलं. ते झालं ‘फ्रेंच डिफेन्स’. पुढे पेस्टने, म्हणजे आजच्या बुडापेस्टच्या निम्म्या शहराने, पॅरिसला तसंच दोन-शून्य हरवलं आणि ‘हंगेरियन डिफेन्स’ हे नाव रूढ झालं. समोरासमोर खेळताना कुणी केलेली चाल विसरली जाते. पत्रातली चाल चार जण चार दिवस चघळतात, लिहून ठेवतात, मग छापतात. सुरुवातींना गावांची आणि देशांची नावं मिळाली त्याला हे एक कारण आहे असं मला वाटतं.

आणि आपल्याकडे? मला हा धागा शोधताना सगळ्यात जास्त आनंद इथे झाला. एडिंबरा-लंडन सामना जेमतेम संपत होता तेव्हाच, १८२८-२९ मध्ये, मद्रास आणि हैदराबाद यांच्यात टपालाने दोन डाव झाले. टपाल म्हणजे पायी धावणारे डाकवाले, हरकारे. मद्रासच्या बाजूची सूत्रं होती गुलाम कासिम यांच्याकडे. १८२९ मध्ये मद्रासला एक पुस्तिका निघाली. तिच्यात हे दोन डाव आहेत आणि ‘मुझिओ गँबिट’ या रक्तरंजित सुरुवातीचं विश्लेषण. लेखक म्हणून गुलाम कासिम आणि मद्रासच्या मुलकी सेवेतले जेम्स कॉक्रेन अशी दोन नावं. लक्षात घ्या, तेव्हा इथे घरोघरी देशी नियमांनी बुद्धिबळ चालायचं, प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जात नसे. तरी युरोपीय पद्धत रुजायला लागली होती. मुंबईत १८१४ मध्येच त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं त्या पद्धतीवरचं पुस्तक संस्कृतातून इंग्रजीत येऊन छापलं गेलं होतं. गुलाम कासिम त्या परक्या नियमांत इतके मुरले की किंग्ज गँबिट या सुरुवातीतला एक फाटा आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. सुरुवातींच्या कोशात तो आहे. आपल्यापैकी कितीजणांनी तो ऐकलाय, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि गप्प बसलो.

एक गोष्ट खटकली असेल: हे सगळे सामने गावांचे, क्लबांचे. एकट्यादुकट्याचे नाहीत. कारण साधं, पत्र महाग होतं. ब्रिटनमध्ये अंतरानुसार पैसे पडायचे आणि बरेचदा ते पत्र घेणाऱ्याने भरायचे. १८४० मध्ये पेनी पोस्ट आलं, देशात कुठेही एका पेनीत पत्र. १ ऑक्टोबर १८६९ ला ऑस्ट्रिया-हंगेरीने पोस्टकार्ड काढलं, आणि खरं तर टपाली बुद्धिबळाचा जन्म त्या दिवशी झाला म्हटलं तरी चालेल. चार आकडे किंवा दोन अक्षरं लिहायला पाकीट कशाला हवं? भारतात पोस्टकार्ड आलं १८७९ मध्ये, पाव आण्याला. कारकून, शिक्षक, अंथरुणाला खिळलेले, लांब दीपगृहात नोकरी करणारे, ज्यांना क्लब परवडत नव्हता किंवा गाठता येत नव्हता, त्यांच्यासाठी पट घरी आला.

तारेनेही खेळून झालं, पण तो श्रीमंतांचा षौक. १८४४ मध्ये वॉशिंग्टन-बाल्टिमोर तारेवर डाव झाले, आणि १८९०-९१ मध्ये न्यूयॉर्कचे स्टाइनिट्झ आणि सेंट पीटर्सबर्गचे चिगोरिन यांनी समुद्राखालच्या केबलवरून दोन डाव खेळले. जगज्जेते स्टाइनिट्झ दोन्ही हरले. त्यातल्या एका डावात त्यांनी नवव्या चालीला घोडा पटाच्या कडेला, एच३ वर नेला. लोक हसले. सत्तर वर्षांनी, पुढे जगज्जेता झालेल्या बॉबी फिशरने तीच चाल पुन्हा बाहेर काढली.

आता कार्डाकडे वळू, कारण नियमांचं मूळ तिथे आहे.

टपाली खेळाडूचं कार्ड असं असायचं: वर डावाचा क्रमांक. मग ‘तुमची आठवी चाल अमुक’, म्हणजे प्रतिस्पर्ध्याची चाल पुन्हा लिहायची, दोघांचे पट वेगळे पडू नयेत म्हणून. मग आपली चाल. मग तारखा: पत्र मिळालं ३ मार्च, पाठवलं ५ मार्च, वापरले २ दिवस, आजवर एकूण १४. प्रवासातले दिवस कुणाच्याच खात्यात नाहीत. त्यासाठी पोस्टाचा शिक्का हाच साक्षीदार. नेहमीचा हिशेब होता दहा चालींना तीस दिवस. वाद झालाच तर स्पर्धाप्रमुखाला दाखवायला सगळी कार्डं जपून ठेवायची. आज सर्व्हरवर जे घड्याळ मुकाट्याने फिरतं, ते पूर्वी दोन माणसं प्रामाणिकपणे हाताने फिरवत होती.

चाल लिहायची कशी, ही वेगळीच कटकट. इंग्रजीत ‘के’ म्हणजे राजा, रशियनमध्ये ‘के’ म्हणजे घोडा. इंग्रजीत ‘बी’ म्हणजे उंट, जर्मनमध्ये ‘बी’ म्हणजे प्यादं. रशियन लोक आपल्या उंटाला ‘हत्ती’ म्हणतात आणि आपल्या हत्तीला ‘नाव’, म्हणजे होडी. (बंगालीतही हत्ती होडीच असतो.) उद्या पुण्यातल्या कुणी मॉस्कोला ‘हत्ती घेतला’ असं लिहिलं असतं तर काय झालं असतं याची कल्पना करा. म्हणून आंतरराष्ट्रीय डावांत अक्षरं काढून टाकून फक्त आकडे आले. डावीकडून उभे स्तंभ १ ते ८, खालून आडव्या ओळी १ ते ८. राजाचं प्यादं दोन घरं पुढे: ५२५४. उत्तर: ५७५५. घोडा बाहेर: ७१६३. सोपं, सुटसुटीत, आणि जीवघेणं. एक आकडा चुकला आणि तरीही चाल नियमात बसली, तर ती चाल तुमची. कार्ड परत मागवता येत नाही. ‘खात्री करा’ हे बटण दिसलं की मला ते पेटीत पडलेलं कार्ड आठवतं.

युद्धकाळात हेच आकडे संशयास्पद ठरले. परदेशी जाणाऱ्या कार्डावर ‘५२५४ ५७५५’ असं काही दिसलं तर सेन्सॉरने काय समजायचं? दुसऱ्या महायुद्धात सीमेपलीकडचे डाव थांबलेच. १९२८ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय टपाली संघटनाही त्या धुमश्चक्रीत संपली. आजची आयसीसीएफ ही संघटना १९५१ ची.

टपालाला लागणाऱ्या वेळेतूनच ‘जर-तर’च्या चाली आल्या. परदेशी कार्ड जायला दहा-पंधरा दिवस, तितकेच यायला. चाळीस चालींचा डाव म्हणजे तीन वर्षं सहज. मग जिथे समोरच्याला एकच शहाणं उत्तर आहे, तिथे लिहून टाकायचं: तू घोडा घेतलास तर मी उंटाने घेतो. एका कार्डात दोन चाली. समोरच्याने ती फांदी पकडली की मागे फिरणं नाही. आज हेच ‘कंडिशनल’ चाली म्हणून पटाशेजारी सापडतं. नवख्याने वापरावं असं एखादंच साधन निवडायचं तर मी हे सांगेन, फक्त सक्तीच्या उत्तरांपुरतं.

वेळ लांबला की काय काय होतं! देशांच्या संघांच्या दहाव्या टपाली ऑलिंपियाडची अंतिम स्पर्धा १९८७ मध्ये सुरू झाली. १९९५ मध्ये निकाल लागला तेव्हा पूर्व जर्मनीला कांस्यपदक मिळालं. देश जगाच्या नकाशावरून जाऊन पाच वर्षं झाली होती, पण त्याचे खेळाडू कार्डं पाठवत राहिले होते. आणि जे पाठवेनासे होतात त्यांच्यासाठीही नाव आहे: हरणारा डाव न सोडता गप्प बसणं म्हणजे ‘मेलेल्या माणसाचा बचाव’. सर्व्हरवर हरत आलेला प्रतिस्पर्धी चौदा दिवस एकही चाल न करता बसला, तर चिडू नका, परंपरा फार जुनी आहे.

किती डाव एकदम घ्यायचे, हाही जुनाच प्रश्न. एस्टोनियाचे पॉल केरेस तरुणपणी एका वेळी दीडशेपर्यंत टपाली डाव खेळत होते आणि त्यातूनच जागतिक दर्जाचे झाले. आपण केरेस नाही. पहिल्यांदा चार-पाच पुरे. दहावर गेलं की कुठल्या पटावर आपला बेत काय होता ते आठवत नाही. दोन्ही संकेतस्थळांवर डावाशेजारी खासगी टिपा लिहायला जागा असते, ती रिकामी ठेवू नका. पूर्वीचे खेळाडू दर डावाला एक छोटा घडीचा पट ठेवायचे, खाचांत कागदी सोंगट्या खोचलेला. त्याचं काम आता ती टीप करते.

पुस्तकाचा मुद्दा उरला. समोरासमोरच्या स्पर्धेत पुस्तक उघडलं तर बाहेर काढतील. टपालात मात्र पहिल्यापासून परवानगी आहे, कारण घरी तुमच्या टेबलावर काय उघडं आहे हे कोण पाहणार? तीच परवानगी आज ऑनलाइन आली आहे: दिवसांच्या डावात सुरुवातींचा डेटाबेस उघडा, जुने डाव पाहा, विश्लेषणाच्या पटावर सोंगट्या हलवून बघा. मनाई फक्त इंजिनला, म्हणजे चाली शोधून देणाऱ्या संगणक-प्रोग्रॅमला. आयसीसीएफचा सर्व्हर २००४ मध्ये सुरू झाला, तिथे इंजिनलाही मनाई नाही. पकडता येत नाही त्यावर बंदी घालायची नाही, हाच जुना हिशेब. परिणाम असा की वरच्या स्पर्धांत बहुतेक डाव बरोबरीत सुटतात.

यात अमेरिकेच्या हान्स बर्लिनर यांची आठवण येतेच. १९६५ ते १९६८ च्या टपाली जागतिक स्पर्धेत त्यांनी सोळापैकी चौदा गुण मिळवले, एकही डाव न हरता. त्यात रशियाच्या एस्ट्रिनविरुद्धचा डाव आहे: आठव्या चालीला काळा वजीर एच४ वर, दहाव्या चालीला प्यादं ई४ वर, मधला घोडा सरळ मारायला सोडलेला, राजा पटाच्या मध्यभागी उघडा, आणि तरी बेचाळिसाव्या चालीपर्यंत पांढरा संपलेला. हे सगळं माणसाने, टेबलाशी बसून, कार्डं लिहीत शोधलं होतं. नंतर बर्लिनर कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणक शिकवू लागले, आणि बुद्धिबळ खेळणारं ‘हायटेक’ हे यंत्र त्यांच्याच देखरेखीखाली तयार झालं.

माझा सध्याचा डाव एका चालीला तीन दिवसांचा आहे, एका अनोळखी माणसाशी. सुरुवात तीच निघाली, बर्लिनर-एस्ट्रिनची. डेटाबेस उघडा आहे, तो डाव समोर आहे, आणि आठव्या चालीला वजीर एच४ वर न्यायला हात धजावत नाहीये. अजून एक दिवस आणि सहा तास आहेत.