व्हीएमवेअरवरचा विश्वास नेमका कुठे तुटला

मुंबईतल्या सहकारी बँका, दलाल पेढ्या किंवा इस्पितळांचे सर्व्हर सांभाळणाऱ्या कुणालाही व्हीएमवेअर या सर्व्हर-सॉफ्टवेअरच्या रिन्यूअलबद्दल, म्हणजे लायसन्सच्या नूतनीकरणाबद्दल विचारलं, की आधी वाढलेल्या बिलाचा आकडा निघतो. माझ्या मते मात्र खरं दुखणं दरवाढीच्या आधीचं आहे.

१९९८ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या या कंपनीमुळे एकाच सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले वेगवेगळे संगणक, चालवणं सोपं झालं. जागा आणि वीज दोन्ही महाग असलेल्या या शहरात ही केवढी सोय! पुढे मालक बदलत गेले. २००४ मध्ये डेटा साठवणुकीच्या यंत्रणा बनवणाऱ्या ईएमसीने ती विकत घेतली, २०१६ मध्ये ईएमसीच डेलकडे गेली आणि २०२१ मध्ये व्हीएमवेअर पुन्हा स्वतंत्र झाली. यात ग्राहकाला फारसा धक्का बसला नाही, कारण कायमस्वरूपी लायसन्स एकदा घेतलं की ते त्याचं असे. दरवर्षी पैसे भरायचे ते फक्त सपोर्टचे.

मे २०२२ मध्ये ब्रॉडकॉम या चिप बनवणाऱ्या कंपनीने व्हीएमवेअर विकत घेण्यासाठी सुमारे ६१ अब्ज डॉलरची बोली जाहीर केली, तेव्हाच जाणती माणसं धास्तावली. याच ब्रॉडकॉमने २०१८ मध्ये सीए टेक्नॉलॉजीज ही सॉफ्टवेअर कंपनी आणि २०१९ मध्ये संगणक-सुरक्षेतल्या सिमँटेकचा एंटरप्राइज (मोठ्या संस्थांसाठीचा) विभाग घेतला होता, आणि तिचा सगळा भर मोठ्या गिऱ्हाइकांवर होता.

व्यवहार २२ नोव्हेंबर २०२३ रोजी पुरा झाला. महिनाही उलटला नव्हता, तोच कायमस्वरूपी लायसन्सची विक्री बंद झाली. ज्यांच्याकडे ती आधीपासून होती, त्यांनाही सपोर्टचं नूतनीकरण मिळेना. सबस्क्रिप्शन घ्या, तेही गठ्ठ्याने. हवी असलेली एकच वस्तू सुटी मिळायची सोय गेली. पार्टनर, म्हणजे अधिकृत विक्रेते, कोण असतील हे कंपनीच्या निमंत्रणावर ठरू लागलं. रात्री दोन वाजता सर्व्हर बसला तर ज्याला फोन लावायचा, तो ओळखीचा विक्रेताच अनेकांच्या हातून सुटला. सपोर्टच्याच मुद्द्यावर २०२४ मध्ये एटी अँड टी या अमेरिकी दूरसंचार कंपनीसारख्या बलाढ्य ग्राहकाने कोर्ट गाठलं. पुढे तडजोड झाली. मग दोन-चार सर्व्हरवाल्या पतपेढीने कुणाच्या दारात जायचं?

न्यूटॅनिक्स, हायपर-व्ही, प्रॉक्समॉक्स हे याच कामाच्या सॉफ्टवेअरचे पर्याय आहेत. पण शेकडो मशीन हलवायच्या म्हणजे बॅकअप नव्याने बसवायचं, डीआर ड्रिल (मुख्य यंत्रणा कोसळली तर पर्यायी यंत्रणेवर काम हलवण्याची तालीम) पुन्हा करायची, आणि तेही बँक बंद असलेल्या रविवारी. म्हणून एकीकडे नाइलाजाने रिन्यूअलवर सही होते, आणि दुसरीकडे जुन्या सर्व्हरवर प्रॉक्समॉक्सची चाचणी सुरू होते.