कमी चाललेली म्हणजे ठणठणीत?

इंदूरला आमच्या पोहे-जिलबीच्या अड्ड्यावर एक वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय: "नव्वदची स्पोर्ट्स कार, फक्त वीस हजार किलोमीटर, गॅरेजबाहेर काढलीच नाही. डोळे मिटून घे!"

मिटू नका. रबर किलोमीटर मोजत नाही. उभ्या गाडीचे सील वाळतात, ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, पेट्रोल चिकट होतं. १९९० च्या होंडा एनएसएक्स या स्पोर्ट्स कारला टायमिंग बेल्ट आहे, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्ह आणि पिस्टनची लय जुळवणारा रबरी पट्टा. तो धावताना तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. (मग खर्च विचारू नका.)

टायरही वाकून बघा, त्याच्या बाजूवर बनवल्याच्या तारखेचे आकडे असतात: '२३०९' म्हणजे २००९ चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा. नक्षी कितीही खोल असो, बदलायचाच.

मी तर दर रविवारी फिरवलेली, बिलांची जाड फाईल असलेली लाखभर किलोमीटरची गाडी घेईन.