ऊन फुकट, मग विजेचे पैसे कशाचे?
आमच्या सौर मायक्रोग्रिडच्या (ठरावीक वस्तीपुरत्या छोट्या वीजजाळ्याच्या) ग्राहकांसाठी आणि भागधारकांसाठी

डिझेल जनित्रावर रोज इंधनाचा खर्च येतो. सौर प्रकल्पात मात्र पॅनेल, बॅटरी, इन्व्हर्टर, तारा, मीटर असा जवळजवळ सगळा खर्च सुरुवातीलाच होऊन जातो. तो पुढे वसूल होतो विकलेल्या युनिटांतून. युनिटे कमी खपली, की प्रत्येक युनिटवरचा बोजा वाढतो. म्हणूनच गरजेपेक्षा मोठा प्रकल्प उभारू नका; तो विकणाऱ्याला परवडतो, वापरणाऱ्याला नाही.

दिवसाचा दर कमी का? दुपारी बॅटरी भरलेली असते आणि वापर नसला तर इन्व्हर्टर पॅनेलची निर्मितीच आवरती घेतो. ती वीज कुणाच्याच कामी येत नाही. पाण्याचा पंप किंवा इस्त्री तेव्हा चालवलीत तर तुमचे बिल उतरते आणि प्रकल्पाचे गणितही सुधारते. रात्रीची वीज बॅटरीतून येते. लिथियम बॅटरीत 100 युनिटे भरली तर साधारण 85 ते 90 परत मिळतात, लेड-ॲसिडमध्ये त्याहून कमी. शिवाय प्रत्येक चार्जिंगला बॅटरी थोडी झिजते. रात्रीच्या जादा दरात हे सगळे धरलेले असते.

बिलातला स्थिर आकार जोडभारावर, म्हणजे तुम्ही एका वेळी जास्तीत जास्त किती वीज घेऊ शकता त्यावर, लागतो. घर बंद असले तरी तुमच्यासाठी क्षमता राखून ठेवलेली असते. लागतो तेवढाच जोडभार मागा.

प्रकल्पाचे भाग (शेअर) विकत घेण्यापूर्वी: पॅनेल 25 वर्षे चालतात, तोवर उत्पादन हळूहळू घटून मूळच्या 80-85 टक्क्यांवर येते. इन्व्हर्टर मात्र त्याआधीच एकदा तरी बदलावा लागतो आणि लेड-ॲसिड बॅटरी तर काही वर्षांतच. हा खर्च न धरता 25 वर्षांचा परतावा दाखवणारा तक्ता नाकारा, आमचा असला तरी. बदलीसाठी दरमहा वेगळा निधी बाजूला पडतो का, हेही विचारा.

सगळेच ग्राहक सारखेच भागधारक असतील तर जादा दर लावून मिळवलेला लाभांश म्हणजे या खिशातले त्या खिशात. भागधारक मोजके आणि ग्राहक पुष्कळ असतील तिथे मात्र कुरबुरी होतात. दर कोण, कधी आणि कशाच्या आधारे बदलणार, हे पैसे भरण्याआधीच लेखी ठरवून घ्या.

आणखी एक: उद्या मुख्य वीजवाहिनी आली तर आपली यंत्रणा तिला जोडता येईल का, याचे उत्तर करारात असायला हवे.