कुपीवरच्या ‘मानवी’ या शब्दाचा खुलासा
‘ग्लुटाथायोन एस-ट्रान्स्फरेज पी१’ या विकराच्या (पेशीतील रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाच्या) संशोधनासाठीच्या कुपीवर ‘मानवी’ असे छापलेले असल्यामुळे ते माणसाच्या यकृतातून काढतात आणि घेतल्यास शरीरातील विष उतरते, हा जुना समज चुकीचा आहे. प्रौढ यकृतपेशींत तर ते जवळजवळ नसतेच. पूर्वी ते मानवी वारेपासून (प्लॅसेंटापासून) शुद्ध केले जाई, हे खरे. परंतु पुनर्संयोजित, म्हणजे जनुक दुसऱ्या सजीवात घालून बनवलेल्या, विकरासाठी मानवी जनुक बहुधा ई. कोलाय जिवाणूत घालतात आणि सुमारे २१० अमिनो आम्लांची साखळी तो जिवाणूच घडवतो; म्हणजे ‘मानवी’ असते ते जनुक. विषारी रेणूला ग्लुटाथायोन हा पेशीतील छोटा रेणू जोडून तो पेशीबाहेर टाकण्याजोगा करणे, हे या विकराचे काम. गिळल्यास मात्र ते इतर प्रथिनांसारखेच पचून जाते, आणि संशोधनासाठीची कुपी औषध म्हणून तपासलेली नसल्याने ती टोचून घेणे धोक्याचे आहे.